वसुलीवाला दारात आला तर: थकलेला हप्ता, अब्रू आणि कायदा

रविवारी सकाळी साडेसात वाजता अर्धं इंदूर पोहे-जिलबीच्या रांगेत असतं आणि उरलेलं अंथरुणात. अशाच एका रविवारी आमच्या रामबागेतल्या गल्लीत एक मोटरसायकल येऊन थांबली. दोन पोरं उतरली. बेल त्यांनी वाजवलीच नाही. खाली उभं राहून, गॅलरीकडे मान वर करून, शेजारच्या वहिनींचं पूर्ण नाव घेऊन हाका सुरू केल्या. "मॅडम, पैसा लेते टाइम तो ऑफिस का पता बराबर याद था!" एक खिडकी उघडली, मग दुसरी, मग समोरच्या इमारतीतल्या तीन.

वहिनी साड्यांना पिको-फॉल करून देतात. नवऱ्याची नोकरी सुटली तेव्हा त्यांनी बायकांच्या समूहातून चाळीस हजारांचं कर्ज घेतलं होतं. दोन हप्ते चुकले होते. समूहाच्या हप्ते भरायच्या दोन्ही बैठकांना मात्र त्या गेल्या होत्या आणि "पुढच्या महिन्यात भरते" असं तोंडावर सांगून आल्या होत्या.

मी जिना उतरले तेव्हा त्या दारातच होत्या. मशीनवर कुणाची तरी अबोली रंगाची साडी अर्धवट फॉल लावून पडली होती आणि वहिनींनी एक हात मशीनच्या चाकावर घट्ट दाबून धरला होता. मी त्या पोरांकडे ओळखपत्र मागितलं, ते होतं. कंपनीचं अधिकारपत्र मागितलं, ते नव्हतं. मग "घड्याळात किती वाजलेत बघा" एवढंच म्हटलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गाडीला किक मारली.

दुपारी समोरच्या काकूंनी विचारलं, "सकाळी काय गं गोंधळ चालला होता?" वहिनी म्हणाल्या, "कुरिअरवाला होता. पत्ता चुकला त्याचा."

मी सहकारी बँकेत सत्तावीस वर्षं काढली, त्यातली सहा वसुलीच्या टेबलावर. त्या टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्या माणसाला रकमेची भीती कमी असते आणि गल्लीची जास्त, हे मी रोज बघत होते. आता तर गल्लीसोबत मोबाइलही आला. कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांनी नातेवाइकांना मेसेज पाठवल्याच्या बातम्या आपण गेली काही वर्षं वाचतोच आहोत. म्हणून हे सगळं एकदा सावकाश, पहिल्यापासून सांगायचं आहे.

## हप्ता थकणं हा गुन्हा आहे का?

नाही. इथूनच सुरुवात करायला हवी, कारण वसुलीवाल्याचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा "पोलीस घेऊन येतो" हे असतं.

वाण्याच्या उधारीचं उदाहरण घ्या. खातं थकलं तर वाणी माल देणं बंद करतो, चार वेळा आठवण करतो, फार झालं तर कोर्टात दावा लावतो. चोरी झाली म्हणून ठाण्यात जात नाही, कारण चोरी झालेलीच नसते. दोघांनी ठरवलेला व्यवहार एकाला पाळता आला नाही, एवढंच घडलेलं असतं. कायद्यात अशा भांडणाला दिवाणी म्हणतात. बँकेचं कर्ज, समूहाचं कर्ज, क्रेडिट कार्ड, सगळं याच खात्यात येतं.

मग कर्जासाठी कधीच तुरुंग नाही का? दिवाणी कायद्यात एक वाट आहे, पण ती फार अरुंद आहे. १९८० साली सर्वोच्च न्यायालयात केरळमधल्या एका बँकेच्या कर्जाचं प्रकरण आलं होतं. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी त्यात स्पष्ट केलं की केवळ पैसे देता आले नाहीत म्हणून माणसाला कैदेत टाकता येणार नाही. त्याच्याकडे पैसे आहेत आणि तो बुद्ध्याच देत नाही, त्याचा हेतू खोटा आहे, हे दिसलं पाहिजे. गरिबी हा हेतू होत नाही. न्यायालयाने हे संविधानाच्या कलम २१ शी, म्हणजे सन्मानाने जगण्याच्या हक्काशी जोडलं. शिवाय नुसत्या पैशाच्या हुकूमनाम्यासाठी, म्हणजे कोर्टाच्या पैसे देण्याच्या आदेशासाठी, बाईला अटक करता येत नाही, असं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६ सरळच सांगतं. ही संहिता १९०८ ची आहे. म्हणजे वहिनींसारख्या बाईला "उचलून नेऊ" म्हणणारा माणूस शंभर वर्षांहून जुन्या कायद्याच्या विरुद्ध बोलत असतो.

दोन अपवाद मात्र नीट लक्षात ठेवा, यात माणसं फसतात. एक, कर्जापोटी दिलेला चेक वटला नाही तर तो फौजदारी मामला होऊ शकतो. दोन, खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी दिली असेल आणि खात्यात पैसे नाहीत म्हणून तो परत गेला, तर त्यालाही २००७ च्या कायद्यात तसंच कलम आहे. दोन्हींत आधी लेखी नोटीस यावी लागते आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरायची संधी असते. नोटीस आली तर ती कपाटात ठेवू नका, त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा. आणि खोटी कागदपत्रं देऊन कर्ज घेतलं असेल तर ती फसवणूक आहे, तिला हा लेख लागू नाही.

## मग हाका कशासाठी मारतात?

यासाठी एकच शब्द समजून घ्यायचा: तारण. कर्ज देणारा म्हणतो, तू नाही दिलंस तर मी कशावर हात ठेवू? घरासाठी कर्ज घेतलं तर घर तारण, सराफ्यात बांगड्या ठेवून घेतलं तर बांगड्या तारण. अशा कर्जात आरडाओरडा करावा लागत नाही, कारण वस्तू हातात असते.

पण समूहाचं कर्ज, क्रेडिट कार्ड, ॲपवरचं झटपट कर्ज, यांना काहीच तारण नसतं. कागदावर ती विनातारण असतात. वसुलीला माणूस बाहेर पडतो तेव्हा त्याला तारण शोधावंच लागतं आणि त्याला ते लगेच सापडतं: तुमची अब्रू. शेजारी काय म्हणतील, मुलीच्या सासरी कळलं तर, ऑफिसात साहेबाला फोन गेला तर. समूहाच्या कर्जात बाकीच्या बायकांनाच तुमच्यावर सोडलं जातं. आपण सही करताना हे गहाण ठेवलेलं नसतं, पण सोडवायला मात्र आपल्यालाच जावं लागतं.

आपल्याकडे हे नवीन नाही. "तगादा लावणे" हा शब्द आपण आजही वापरतो. मराठेशाहीत येणं असलेला माणूस देणेकऱ्याच्या दारात धरणं धरून बसायचा, उपाशी राहायचा, आणि त्याचं पाप घरमालकाच्या माथी लागेल या भीतीने पैसे निघायचे. १८६० च्या दंडसंहितेत दैवी कोपाची भीती घालून कुणाकडून काही करवून घेणं गुन्हा ठरवलं, तेव्हा उदाहरण म्हणून दारात धरणं धरणारा माणूसच दिला होता. ते कलम नव्या भारतीय न्याय संहितेतही आहे.

पण त्या जुन्या धरण्यात एक गोष्ट वेगळी होती. १८०९ च्या सुमारास ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या छावणीत पगार थकलेले शिपाई आपल्याच सरदारांविरुद्ध धरणं धरत. ज्याच्या हातात दुसरं काही नाही, त्याचं ते हत्यार होतं. आज मोठी कंपनी पिको-फॉल करणाऱ्या बाईच्या दारात तेच करते. हत्यार तेच राहिलं, मूठ दुसऱ्याच हातात गेली, आणि मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

## "मशीन नेलं तर?"

ती पोरं गेल्यावर वहिनींचा पहिला प्रश्न हाच होता. कर्जाचं काय, व्याजाचं काय, हे नंतर.

घरातली वस्तू कोण उचलू शकतो? वसुलीचा माणूस नाही. आधी दावा, मग न्यायालयाचा हुकूमनामा, मग त्याची अंमलबजावणी आणि मग न्यायालयाचा माणूस. आणि तोसुद्धा सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी राहत्या घरात पाऊल टाकू शकत नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबले होते. दिवे लागल्यावर कुणाच्या घरी जप्ती न्यायची नाही, एवढी समज कायदा लिहिणाऱ्याला होती.

आता दिवाणी प्रक्रिया संहितेचंच कलम ६० बघा. हुकूमनामा झाला तरी काय जप्त करता येत नाही, याची ती यादी आहे. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, म्हणजे आपल्या भाषेत मंगळसूत्र. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची अवजारं, त्याला पोटासाठी लागणारी जनावरं आणि बियाणं. मजुराची आणि घरकाम करणाऱ्याची मजुरी. सरकारी निवृत्तिवेतन. भविष्यनिर्वाह निधी. आयुर्विम्याचे पैसे.

यात एक विचार आहे. माणसाकडून सगळं काढून घेतलं तरी उद्या सकाळी उठून, अंघोळ करून, चूल पेटवून, आपलं हत्यार घेऊन तो कामाला जाऊ शकला पाहिजे. त्याला चारचौघांत उघडं पाडायचं नाही आणि त्याची कमाई बंद करायची नाही, कारण कमाई बंद झाली तर कर्ज देणाऱ्यालाही काही मिळणार नाही. वहिनींचं शिलाई मशीन हे कारागिराचं हत्यार आहे. आणि समूहाच्या कर्जाला मुळात तारण घेताच येत नाही, त्यामुळे या मशीनला हात लावायचा प्रश्नच नव्हता.

इथे एक गाठ आहे, ती लपवत नाही. मशीन घेण्यासाठीच कर्ज काढलं असेल आणि तेच तारण लिहून दिलं असेल, तर कलम ६० तुम्हाला वाचवणार नाही. गाडीचं तसंच. तरीही गाडी रस्त्यात अडवून, किल्ली हिसकावून नेता येत नाही. वसुलीसाठी गुंड पाठवणाऱ्या बँकेला सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच खडसावलं आहे. घर तारण असेल तर बँकेला साठ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते.

पगाराचंही सांगते, कारण "पगारच बंद करतो" ही धमकी नेहमीची आहे. समजा पगार २५,००० आहे. पहिले १,००० बाजूला काढा, उरले २४,०००. त्यातले दोन तृतीयांश, म्हणजे १६,००० तुमचेच. जास्तीत जास्त ८,००० जप्त होऊ शकतात आणि तेही न्यायालयाच्या हुकमाने. अशी जप्ती चोवीस महिने झाली की पुढचे बारा महिने पगाराला हात लावता येत नाही. पोटगीच्या हुकूमनाम्याला मात्र हा हिशोब लागू नाही.

## वसुलीवाल्याचं घड्याळ

हुकूमनाम्यापर्यंत गोष्ट क्वचित जाते. त्याआधीचे महिनेच माणसाला जाळतात, आणि तिथे रिझर्व्ह बँकेचे नियम येतात.

ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे थकलेल्या कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. समूहाच्या छोट्या कर्जाचे नियम मार्च २०२२ चे आहेत आणि ते आणखी कडक आहेत: सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एवढीच वेळ. हे नियम ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत आहे अशांच्या विनातारण कर्जांना लागू होतात. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागीच. कर्जदार लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा त्या जागी आलाच नाही, तरच माणसाने घरी किंवा कामाच्या ठिकाणी जायचं. वहिनी दोन्ही बैठकांना हजर होत्या. म्हणून ती पोरं साडेसातला आली हे चुकलं आणि मुळात घरी आली हेही चुकलं.

शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना किंवा सोबत काम करणाऱ्यांना त्रास, थकबाकीदारांची नावं जाहीर करणं, कर्जाचा आकडा फुगवून सांगणं, हे सगळं बंद. बँकेच्या वसुली एजंटाजवळ ओळखपत्र, अधिकारपत्र आणि बँकेच्या नोटिशीची प्रत असायला हवी. कुणाला पाठवणार आहोत हे कर्जदाराला आधी कळवायला हवं. एजंटांना ठरवून दिलेलं प्रशिक्षण लागतं. तुमची तक्रार प्रलंबित असेल तर ती निकालात निघेपर्यंत प्रकरण एजंटकडे द्यायचं नाही, असं २००८ पासून आहे. तक्रार उगाचच केलेली आहे असं बँकेला पटलं तर तेवढा अपवाद. म्हणून लेखी तक्रारीला इतकी किंमत आहे.

आणि एक नियम असा की जो लोकांना सांगितला तर खराच वाटत नाही: समूहाचं कर्ज देताना घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. म्हणजे पेलवणार नाही एवढं कर्ज गळ्यात मारलं असेल, तर चूक एका बाजूची नाही.

## गल्ली आता फोनमध्ये आहे

ॲपवाल्यांनी गल्लीतला माणूस काढून टाकला आणि तुमच्या फोनमधली नावांची यादी घेतली. आत्येभावाला मेसेज, शाळेच्या बाईंना मेसेज, चेहरा जोडून बनवलेला घाणेरडा फोटो. पद्धत तीच, आवाज फक्त एकाच वेळी दोनशे घरांत.

रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की कर्जाच्या ॲपला तुमची संपर्कांची यादी, फोटो आणि फाइली, कॉलची नोंद यांना हात लावता येत नाही. कॅमेरा आणि ठिकाण सुरुवातीच्या ओळख तपासणीपुरतं, एकदाच, तुमच्या परवानगीने. कर्जाची रक्कम थेट तुमच्याच खात्यात यायला हवी. वर्षाचा एकूण खर्च टक्क्यांत लिहिलेला कागद आधी हातात पडायला हवा, आणि विचार बदलला तर मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च देऊन किमान एका दिवसाच्या मुदतीत दंडाशिवाय बाहेर पडता आलं पाहिजे. १ जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालच्या संस्थांनी कळवलेल्या कर्ज ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. ॲप त्या यादीत नसेल तर त्यावर आधार क्रमांकसुद्धा टाकू नका.

फोटो पसरवायची धमकी आली तर पैसे पाठवू नका. एकदा पाठवले की आकडा वाढतो. सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या आणि १९३० वर फोन करा, तो सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. घरच्यांना त्यांच्या आधी तुम्हीच सांगा. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. पण मेसेज यायच्या आत बायकोला किंवा आईला खरं कळलेलं असेल तर त्या मेसेजमधला अर्धा दात तिथेच पडतो.

## "पण घेतलेलं फेडायला नको का?"

फेडायलाच हवं. या लेखातली एकही ओळ कर्ज बुडवायला सांगत नाही. व्याज चढतं, पतनोंद खराब होते, पुढे घराचं कर्ज मिळायला अडचण येते, दावा लागतो. हे परिणाम रास्त आहेत. पतनोंद आणि गल्लीतल्या हाका यांत फरक काय? पतनोंद बघायला परवानगी लागते, तिच्यात आकडा असतो आणि चूक असेल तर ती दुरुस्त करून घेता येते. हाका शेजारच्या आठ वर्षांच्या पोरानेही ऐकलेल्या असतात. त्यात दुरुस्ती नाही.

"दबाव टाकल्याशिवाय पैसे निघत नाहीत," असं बँकेतले माझे काही सहकारी म्हणायचे. मी सहा वर्षं उलट पाहिलं. ओरडल्यावर एक हप्ता येतो, तो बहुतेक दुसऱ्या कुणाकडून घेतलेला असतो. डायरीवाल्या खाजगी सावकाराकडून, भिशीतून, बहिणीच्या बांगडीतून. मग माणूस फोन उचलणं बंद करतो, नंतर गाव सोडतो. जो समोर बसून "इतकेच जमतील" असं सांगू शकतो, तो फेडतो. त्याला समोर बसता यावं एवढी त्याची मान वर ठेवायची, हे वसुलीचं निम्मं काम आहे.

आणि दबावाची गोष्ट निघालीच आहे तर आमच्या इंदूरची हुकुमचंद कापड मिल आठवते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली, तेव्हा जवळजवळ ४,८०० कामगारांचं येणं अडकलं. इथे धनको कामगार होते. त्यांनी कुणाच्या दारात नाव घेऊन हाका मारल्या नाहीत. वर्षानुवर्षं रविवारी मिलच्या गेटवर बसले, अर्ज केले, कोर्टाच्या तारखा केल्या. २५ डिसेंबर २०२३ ला सुमारे २२४ कोटींचा धनादेश निघाला, तोपर्यंत कित्येक जण गेले होते आणि त्यांच्या बायका-मुलांना ते पैसे घ्यावे लागले. आपल्या शहरात तीस वर्षं थकलेलं देणं असं वसूल झालं. दोन हप्ते थकलेल्या बाईला मग आणखी थोडी मुदत का मिळू नये?

## जामीनदार आणि वारस

आपल्या मराठी घरांत जामीन राहणं नात्यातच धरलं जातं. "नाही कसं म्हणायचं" म्हणून सही होते. कायद्याला ते नातं दिसत नाही: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि बँक थेट त्याच्याकडे येऊ शकते. म्हणून सही करण्याआधी नाही म्हणण्यातच मान आहे.

वडील वारले आणि त्यांचं कर्ज राहिलं, तर? वडिलांकडून जेवढी मालमत्ता वारसाला मिळाली तेवढ्यापुरतंच त्याचं देणं. काहीच मिळालं नसेल तर काहीच नाही. पूर्वी हिंदू कायद्यात वडिलांचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य मानून वसुली होत असे. ९ सप्टेंबर २००५ नंतर घेतलेल्या कर्जांना तो आधार उरला नाही. तेराव्याच्या आत फोन करणाऱ्या एजंटाला हे सांगा. मुलाला मनापासून फेडायचं असेल तर तो त्याचा मोठेपणा, एजंटाचा हक्क नव्हे. मुलगा स्वतः जामीनदार किंवा सहकर्जदार असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

## "आमच्यासारख्यांची तक्रार कोण ऐकतं?"

पहिली पायरी नेहमी कर्ज देणारी संस्थाच. तक्रार लेखी करायची, पोच घ्यायची, ईमेल असेल तर जपून ठेवायचा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. शुल्क नाही, वकील लागत नाही. १४४४८ वर फोन करून माहिती मिळते. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या योजनेत मनस्तापासाठी वेगळी, एक लाखापर्यंतची भरपाई धरली होती. मनस्तापाला आकडा लावता येतो हे मान्य होणं मला महत्त्वाचं वाटतं.

धमकी, अंगावर येणं, घरात घुसणं झालं तर ते दिवाणी राहत नाही, थेट पोलीस ठाणं. आणि परवाना नसलेला डायरीवाला सावकार असेल तर मध्यप्रदेशात एक जुना कायदा आहे, ऋणियों का संरक्षण अधिनियम, १९३७. मूळचा मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा, नागपूर राजधानी होती त्या काळातला. कर्जदाराच्या मागे मागे फिरणं, त्याच्या घराजवळ किंवा कामाच्या जागेजवळ घुटमळत राहणं, त्याची वस्तू अडकवून ठेवणं, याला तो कायदा छळ म्हणतो आणि त्यासाठी शिक्षा सांगतो. ठाण्यात नाव घेऊन सांगा, नुसतं "त्रास देतात" म्हणू नका.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. बाईला तिथे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, १९८७ चा कायदाच तसा आहे.

अर्ज कसा लिहायचा? आम्ही वहिनींचा अर्ज वहीच्या एका पानावर लिहिला. कर्ज क्रमांक. घेतलेली रक्कम आणि आतापर्यंत भरलेले हप्ते, ते आधी लिहायचे, कारण भरलेलं कुणी मोजत नाही. हप्ता का चुकला ते एका ओळीत. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोण आलं, काय बोललं, कोणी ऐकलं. मग मागणी: घरी माणूस पाठवू नये, वसुली ठरलेल्या जागीच व्हावी, दोन चुकलेले हप्ते शेवटी जोडावेत. खाली सही. "कृपया", "विनंती", "गरीब परिस्थिती" हे शब्द वहिनींनी आधी लिहिले होते. मी ते खोडायला सांगितलं नाही, त्यांनीच दुसऱ्यांदा लिहिताना गाळले.

कंपनीचं उत्तर अठराव्या दिवशी आलं. हप्ते शेवटी जोडले गेले. वहिनी आता महिन्याच्या पाच तारखेला केंद्रावर जाऊन भरतात. अर्जाची झेरॉक्स मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीखाली असते.

गेल्या आठवड्यात समोरच्या काकू संध्याकाळी आल्या, मोबाइल पदराखाली धरून. मुलाने ॲपवरून कर्ज घेतलं होतं, मेसेज येत होते. काकूंनी दार लोटून घेतलं. वहिनींनी मशीन थांबवलं, खण उघडला आणि झेरॉक्स काढून त्यांच्यासमोर ठेवली.